हिब्रू प्रार्थना, मराठी जीभ

हिब्रू शिकायला बसलेल्या इंग्रजाला दोन उच्चार हमखास अडतात. एक घशात घासून निघणारा ख़ आणि दुसरा दातांमागून सुटणारा त्स. तेलंगणातल्या आदिलाबादच्या पोराला हे दोन्ही घरबसल्या येतात. इथली दखनी उर्दू क़लमला सरळ ‘ख़लम’ म्हणते आणि क़रीबला ‘ख़रीब’. लखनौवाला जिथे क़ काढेल तिथेही आपल्याकडे ख़च ऐकू येतो. राहिला त्स. ‘चूल’, ‘चोर’, ‘चाक’ मोठ्याने म्हणून पाहा आणि मग ‘चंद्र’ म्हणा. चुलीतला च दातांना लागतो, चंद्रातला टाळूला. हिब्रूतलं त्सादी नावाचं अक्षर म्हणजे जवळजवळ आपला चुलीतला च. तेलुगूत ‘चालु’, म्हणजे ‘पुरे’, म्हणतानाही तोच निघतो. तेव्हा पैनगंगेच्या या काठावरच्या एखाद्या हौशी मंडळीने ज्यू घर दाखवणारं संगीत नाटक बसवायला घेतलं, तर जिभेची निम्मी तयारी आधीच झालेली आहे.

इथे मराठी नाटक कोण करणार, असं पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटेल. किनवट आणि राजुरा हे तालुके 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषावार प्रांतरचनेत ते पलीकडे, मराठी मुलखात गेले, पण माणसं आणि सोयरिकी काही रेघ पाहून थांबल्या नाहीत. जैनद, बेला, तामसी, भीमपूर या मंडलांत आजही मराठी घराघरात आहे. दिवाळीत गोंडांची दंडारी निघते, गुसाडी नाचतात, गावात हरिनाम सप्ताह बसतो. तीन-चार भाषा कानावर घेऊन वाढलेल्या नटाला पाचवीची भीती वाटत नाही. पण भीती न वाटणं आणि प्रेक्षकाला खरं वाटणं यांत अंतर आहे, आणि हा लेख त्या अंतराविषयी आहे.

ज्यू घर म्हटलं की हौशी मंडळींच्या डोळ्यांसमोर बहुधा ‘फिडलर ऑन द रूफ’ येतं. शोलेम अलैखेम यांच्या यिद्दिश कथांवरून जोसेफ स्टाइन यांनी लिहिलेलं, जेरी बॉक यांनी संगीत दिलेलं आणि शेल्डन हार्निक यांच्या गीतांचं हे नाटक 1964 साली न्यूयॉर्कला आलं. रशियन झारच्या राज्यातलं 1905 च्या सुमाराचं अनातेव्का नावाचं खेडं, दूध विकणारा तेव्ये, त्याच्या लग्नाच्या मुली. जपानमध्ये ते बसवलं गेलं तेव्हा तिथल्या निर्मात्याने, हे इतकं जपानी नाटक अमेरिकनांना कळतं तरी कसं, असं विचारल्याची आठवण स्टाइन सांगत असत. मुलीच्या लग्नाची काळजी आणि परंपरेची ओढाताण आपल्याकडेही कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. गंमत अशी की या नाटकातलं शब्बाथचं, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाचं, प्रसिद्ध प्रार्थनागीत मुळात इंग्रजीत आहे. म्हणून दिग्दर्शकाला वाटतं, आजूबाजूला थोडी खरी हिब्रू घालावी, म्हणजे वातावरण येईल. आणि इथेच नाटक घसरतं.

घसरतं ते उच्चारापेक्षा निवडीत. हिब्रू प्रार्थनेचे शब्द जगभर जवळपास सारखे असले तरी ते म्हणण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. पूर्व युरोपातले अश्केनाझी ज्यू ‘शब्बोस’ म्हणत, आघात पहिल्या अक्षरावर. आजच्या इस्रायलमध्ये ‘शब्बात’, आघात शेवटी. बगदादहून आलेल्या ज्यूंकडे शेवटचा त मऊ होऊन थ होतो. इंटरनेटवरून प्रार्थना शिकणारी मंडळी एक न्यूयॉर्कच्या गायकाची उचलतात, दुसरी तेल अवीवच्या शाळेतली. मग आई ‘शब्बोस’ म्हणते, बाप ‘शब्बात’, आणि एकाच घरातल्या नवराबायकोने दोन वेगळ्या देशांत संसार मांडल्यासारखं होतं. हिब्रू न कळणाऱ्या प्रेक्षकालाही हा बेसूर जाणवतो. नेमकं काय चुकलं ते त्याला सांगता येत नाही, एवढंच. म्हणून तालमीच्या पहिल्या दिवशी एकच प्रश्न सोडवायचा: हे घर कुठलं? अनातेव्कातलं असेल तर सगळ्यांनी ‘शब्बोस’. अलिबागचं असेल तर गोष्टच वेगळी, आणि माझ्या मते जास्त रंगतदार.

अलिबागला ‘इस्रायल आळी’ आहे. तिथल्या सिनेगॉगचं, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराचं, नाव ‘मागेन अबोथ’. आजचा इस्रायली माणूस हेच दोन शब्द ‘मगेन अवोत’ असे म्हणेल. त्याच्या व च्या जागी इथे ब आहे, त च्या जागी थ. प्रेषित एलियाला इस्रायलमध्ये ‘एलियाहू हनावी’ म्हणतात, कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, ‘एलियाहू हन्नाबी’. हा उच्चार कुणाच्या अज्ञानातून आलेला नाही. ती एक नांदती परंपरा आहे आणि तिची बोलण्याची भाषा मराठी आहे. मराठी मंडळीने अमेरिकन गायकाची नक्कल करत घसा खरवडण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

बेने इस्रायलांची आख्यायिका अशी: अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. नवगावला ती दफनाची जागा दाखवतात. काळ कुठला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. वाचलेल्यांच्या वंशजांनी कोकणात तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, किहीमवरून केहिमकर, दिवेकर, अष्टमकर, झिराडकर. पोथ्या हरवल्या, हिब्रू विसरली, पण एक गोष्ट टिकली. ‘शेमा’ नावाच्या प्रार्थनेची सुरुवात. मूल जन्मलं की शेमा, सुंता असली की शेमा, लग्नात शेमा, मयताला शेमा. जवळ दुसरं काहीच नव्हतं, म्हणून तेवढंच प्रत्येक प्रसंगी म्हणायचं.

नटाने या ठिकाणी थांबून विचार करावा. पिढ्यान् पिढ्या एकच वाक्य, अर्थ अर्धवट माहीत असताना, आनंदात आणि दुःखात तेच म्हणणारी माणसं ते कसं म्हणत असतील? बाळाच्या कानाशी एक सूर असेल आणि तिरडीपाशी दुसरा. शब्द तेच. रंगमंचावर परकी प्रार्थना उभी करण्याचा एवढा चांगला धडा मला तरी दुसरीकडे दिसलेला नाही.

पुढे दावीद राहाबी नावाच्या माणसाने या लोकांना ओळखलं आणि धर्माचे पाठ पुन्हा दिले, असं समाजात सांगतात. त्याच्या काळाविषयीही वाद आहेत. ठाम इतिहास सुरू होतो तो 1796 पासून. त्या वर्षी कंपनीच्या फौजेतल्या समाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग बांधलं. टिपूच्या कैदेतून सुटल्याबद्दलचा तो नवस होता अशी हकिगत आहे. समाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे एझिकिएल. नावांनीसुद्धा मराठी अंगरखा घातला होता. त्यानंतरच्या पिढ्यांना कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी प्रार्थना आणि विधी शिकवले. हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं ते मात्र एका स्कॉटिश मिशनऱ्याने, जॉन विल्सन यांनी, 1832 साली. हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायलांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. 1874 मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठी अशी जोड-हगादा छापली गेली. हगादा म्हणजे वल्हांडणाच्या (पासओव्हर सणाच्या) रात्री वाचायची पोथी. तिच्यातल्या चित्रांत बिनखमिराची भाकर करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. जोसेफ एझिकिएल राजपूरकर (1834–1905) या मुंबईच्या शाळामास्तरांनी तर हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरं करण्यात आयुष्य घातलं.

हा सगळा पट सांगण्याचं कारण एवढंच की मोठ्या वयात, मराठी तोंडाने, ऐकून-घोकून हिब्रू प्रार्थना शिकणं हा प्रयोग महाराष्ट्रात एकदा झालेला आहे आणि तो यशस्वी झालेला आहे. आपल्या शेजारी आंध्रातही त्याची धाकटी आवृत्ती आहे. गुंटूरकडे चेब्रोलूजवळच्या खेड्यात बेने एफ्राइम नावाचा लहानसा तेलुगू समाज 20व्या शतकाच्या अखेरीपासून ज्यू रीत पाळू लागला आणि हिब्रू प्रार्थना शिकला. परक्या रंगभूमीवरचं उदाहरण हवं असेल तर 2018 चं घ्या. न्यूयॉर्कला ‘फिडलर’चा यिद्दिश प्रयोग झाला. दिग्दर्शक जोएल ग्रे यांना यिद्दिश येत नव्हती आणि बहुतेक नटांनाही नाही. त्यांनी ओळ न् ओळ ऐकून बसवली आणि तो प्रयोग चांगला चालला.

आता कामाचं. पहिली गोष्ट, रोमन लिपीतले कागद हातात घेऊ नका. इंग्रजी टी दिसला की मराठी माणूस ट म्हणतो आणि डी दिसला की ड. हिब्रूत ट, ठ, ड, ढ, ण, ळ यांपैकी एकही नाही. तिथे ‘तोरा’ आहे, ‘टोरा’ नाही. ‘दावीद’ आहे, ‘डेव्हिड’ नाही. जाणकाराकडून ध्वनिमुद्रण घ्या आणि थेट देवनागरीत उतरवा, म्हणजे निम्म्या चुका जन्मालाच येणार नाहीत. ख़ च्या खाली टिंब द्यायला विसरू नका. टिंबाशिवाय ‘बारुख’ लिहिलंत की नट खटाऱ्यातला ख काढणार, आणि तो हिब्रू प्रार्थनेत पहिल्याच शब्दाला उघडा पडतो. आघाताच्या अक्षराखाली रेघ मारा. मराठीत आघाताला फारसा मान नसल्याने आपण सगळी अक्षरं एका मापाने वाटतो. हिब्रूत बहुधा शेवटचं अक्षर उचलायचं असतं.

दुसरं, सगळ्या आशीर्वचनांची सुरुवात एकच असते. दिव्याचं असो, द्राक्षरसाचं, भाकरीचं किंवा फळाचं, सुरुवातीचे सहा शब्द तेच: देवा, तू धन्य, विश्वाचा राजा, अशा अर्थाचे. ते सहा घोटून घेतले की पुढे फक्त शेपूट बदलतं. नटांना हे सांगितलं की त्यांचा अर्धा ताण उतरतो. श्वास कुठे घ्यायचा तेही कळतं: सहा शब्दांनंतर, मध्ये नाही.

तिसरं, म्हणण्याची ढब. हौशी नट प्रार्थना म्हणताना एकदम गंभीर होतो, आवाज खोल लावतो, डोळे छताकडे नेतो. सत्यनारायणाला आलेले गुरुजी आठवा. मंत्र अखंड चालू असतात, मध्येच यजमानाला पाणी सोडायची खूण होते, एक डोळा तुपाच्या वाटीवर, आणि पोराने प्रसादाला हात लावला की मंत्र न तोडता नुसती भुवई वर जाते. रोज प्रार्थना करणारा ज्यू बापही असाच असतो. त्याला ती पाठ असते, ती तो भरभर म्हणतो, मध्येच सावकाश होतो आणि पुन्हा भरभर. सगळ्यांनी एका सुरात, एका तालात प्रार्थना म्हटली की ती शाळेतली होते. सिनेगॉगमध्ये जो तो आपल्या गतीने पुटपुटत असतो आणि ठरावीक जागी सगळे एकत्र येतात. ‘आमेन’सुद्धा कवायतीसारखं एका दमात येत नाही, इकडून-तिकडून विखरून येतं. गाणं बसवणाऱ्या दिग्दर्शकाला हा गोंधळ मुद्दाम बसवावा लागतो, आणि तो शिस्तीपेक्षा अवघड असतो.

आणखी एक अडचण टाळ्यांची. सुरेल प्रार्थना संपली की आपला प्रेक्षक टाळी देणारच, आणि टाळी पडली की ते घर मोडून पुन्हा नाटकाचं घर होतं. त्यावर उपाय सोपा आहे. शेवटचा शब्द पुरता संपायच्या आत कुणीतरी पुढचं साधं वाक्य बोलावं, खुर्ची ओढावी, पोराला हाक मारावी.

हातवारे आणि सामान यांत तर चुकांची जत्रा भरते. शुक्रवारच्या रात्रीच्या प्रवेशात बाप झालरीची शाल, म्हणजे तल्लीत, पांघरून बसलेला दाखवतात. तल्लीत सकाळच्या प्रार्थनेला असते. रात्री ती घेतात ती योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी. कपाळाला आणि दंडाला बांधायच्या चामड्याच्या डब्या, तेफिलीन, त्याही सकाळच्याच आणि शब्बाथला तर बांधतच नाहीत. पुस्तक उजवीकडून उघडतं, म्हणजे कणा नटाच्या उजव्या हाताला यायला हवा. उर्दू पुस्तक हाताळलेल्याला हे सांगावं लागत नाही, म्हणून मंडळीतल्या एखाद्या उर्दू शाळेत गेलेल्याला पानं उलटायची तालीम द्यायला सांगा. अंग पुढे-मागे डोलवणं ही मुख्यतः युरोपीय ज्यूंची लकब, अलिबागच्या घरात ती आणायचं कारण नाही. तोंड यरुशलेमकडे करतात. त्यामुळे युरोपातली मंडळी पूर्वेला वळतात आणि आपली पश्चिमेला. रंगमंचावर ती दिशा एकदा ठरवली की सगळ्यांनी तिकडेच वळायचं, प्रेक्षकाकडे पाठ झाली तरी. उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना ओठ हलवत, आवाज न करता होते. तिच्या आधी तीन पावलं मागे, मग तीन पुढे, पाय जुळलेले. शेमाच्या पहिल्या ओळीला उजवा हात डोळ्यांवर येतो.

दिवे लावण्याचा प्रवेश जरा जवळून पाहू, कारण प्रत्येक नाटकात तो असतोच. बाई सूर्यास्तापूर्वी दिवे लावते. युरोपीय रीतीत ती आधी काडी लावते, दोन ज्योतींवरून हात तीनदा आपल्याकडे ओढते, डोळे झाकते आणि मग आशीर्वचन म्हणते. पेटवलेली काडी ती फुंकत नाही. आशीर्वचनासरशी तिचा शब्बाथ सुरू झालेला असतो, आणि शब्बाथला आग लावायची नाही तशी विझवायचीही नाही. ती काडी थाळीत ठेवून देते, आपली आपण विझायला. नटीने काडी हातात ठेवून फू केलं की सगळ्या उच्चारांची मेहनत वाया गेली. ही एवढीशी कृती बरोबर केली तर उच्चारातला एखादा कच्चा दुवा माफ होतो. सभागृहात आगीची काळजी म्हणून थाळीत ओली वाळू ठेवावी. ती प्रेक्षकाला दिसत नाही.

देवाच्या नावाचा प्रश्न मात्र नाजूक आहे. श्रद्धाळू ज्यू विधीच्या बाहेर, विनाकारण, ते नाव उच्चारत नाही. तालमीत आणि शिकवताना त्या जागी ‘हाशेम’ म्हणायची पद्धत आहे. ‘एलोहेनू’मधला ह बदलून ‘एलोकेनू’ करतात. हौशी मंडळीने प्रयोगातही हेच ठेवावं असं माझं मत आहे. प्रेक्षकाला फरक कळत नाही आणि जाणकाराला तुमची जाण दिसते. खरी तोरा (धर्मग्रंथाची गुंडाळी), खरी तेफिलीन, जुनी प्रार्थनापुस्तकं सामान म्हणून मागू नयेत. देवाचं नाव असलेले जीर्ण कागद ज्यू रद्दीत घालत नाहीत, पुरतात. तुमचं पुस्तक कोऱ्या पानांचं असलं तरी चालतं, फक्त ते उजवीकडून उघडू द्या.

प्रार्थना रंगमंचावर न्यावी का, हा वाद जुनाच आहे. आलेव्ही यांच्या ‘ला ज्युव्ह’ या 1835 च्या फ्रेंच ऑपेरात वल्हांडणाच्या रात्रीचं जेवण मंचावरच होतं. त्यातली भूमिका करण्यासाठी शिकागोच्या ऑपेरा कंपनीने 1918 मध्ये योसेले रोझेनब्लाट या विख्यात सिनेगॉग-गायकाला रात्रीला हजार डॉलर देऊ केले, आणि त्याने नाही म्हटलं. 1927 च्या ‘द जाझ सिंगर’ या बोलपटात तो स्वतः दिसतो, पण योम किप्पूरची ‘कोल निद्रे’ ही प्रार्थना त्याने पडद्यावर गायली नाही. ती गायली अल जोल्सनने. हा जोल्सनही सिनेगॉग-गायकाचाच मुलगा, त्यामुळे कुणाचं बरोबर याचा निकाल मी देत नाही. त्याच फ्रेंच कथेचा धागा इंग्रजी नाटकावरून फिरत फिरत आगा हश्र काश्मिरी यांच्या ‘यहुदी की लडकी’ या 1913 च्या नाटकात आला आणि तिथून बिमल रॉय यांच्या 1958 च्या ‘यहुदी’त. आपल्या बापजाद्यांनी टुरिंग टॉकीजमध्ये पाहिलेले ते रोममधले ज्यू अस्खलित उर्दू बोलत आणि कुणाची तक्रार नव्हती. खरे मराठी ज्यूही याच पडद्याच्या मागे-पुढे होते: ‘आलम आरा’ ज्या नाटकावरून झाला ते लिहिणारे जोसेफ डेव्हिड हे पेणकर, आणि ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा, नट डेव्हिड, हे चेऊलकर.

संगीत नाटकच करायचं तर संगीताकडेही वळायला हवं. 1880 साली पुण्यात किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ उभं राहिलं. त्याच सुमारास मुंबईच्या बेने इस्रायलांनी कीर्तन उचललं. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठीतून, साकी-दिंडीच्या चालींवर, हरदासी पद्धतीने. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातलं आद्य नाव. धर्मग्रंथ हिब्रू आणि घाट आपल्या नारदीय कीर्तनाचा. पुढे ही कीर्तनं बायकांनी जिवंत ठेवली आणि ती इस्रायलपर्यंत गेली. सप्ताहाच्या गावात वाढलेल्या आदिलाबादच्या मंडळीला यासाठी वेगळी चाल शिकायची गरजच नाही, टाळ आणि पेटी कोपऱ्यात आहेतच. शिवाय बेने इस्रायलांच्या लग्नात एक प्रसंग असा आहे की तो संगीत नाटकासाठीच घडवलाय असं वाटावं. वधू सिनेगॉगमध्ये पाऊल टाकते तेव्हा नवरा स्वतः तिच्याकडे पाहत ‘योनाती’ हे हिब्रू पद गातो. गाता न येणारा नवरासुद्धा गातो, घाम पुसत, अधूनमधून सूर सोडत. हौशी नटासाठी यापेक्षा सोयीची जागा कुठली? इथे बेसूर होणं भूमिकेला धरूनच आहे.

आणि शेवटचा प्रवेश मलिद्याचा घ्यावा, असा माझा आग्रह राहील. मलिदा हा बेने इस्रायलांचा खास विधी. प्रेषित एलियाच्या नावाने, नवस फेडताना किंवा शुभकार्याच्या आधी करतात. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाच्या रथाची खूण खडकावर उमटल्याची श्रद्धा आहे आणि नवस फेडायला माणसं तिथे जातात. थाळीत भिजवलेले गोड पोहे, खोवलेलं ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, वर फळं. सोबत काळ्या मनुका भिजवून कुस्करून केलेलं सरबत, ते द्राक्षरसाच्या जागी. या विधीत हिब्रू पद आहे, आशीर्वचनं आहेत, सामूहिक ‘आमेन’ आहे आणि खाणंही आहे. एवढं सगळं मराठी प्रेक्षकाला परिचित वाटणाऱ्या एका थाळीभोवती घडतं.

फळांचा क्रम मात्र सांभाळा. झाडाच्या फळाचं आशीर्वचन वेगळं आणि जमिनीतून येणाऱ्याचं वेगळं. खजूर झाडाचा, हे सरळ आहे. केळं ज्यू धर्मशास्त्रात जमिनीच्या बाजूला मोडतं, कारण केळीला दर वर्षी टिकणारं लाकडी खोड नसतं. वनस्पतीशास्त्रही केळीला झाड म्हणत नाही. म्हणजे झाडाचं आशीर्वचन म्हणताना हातात केळं आणि जमिनीचं म्हणताना खजूर, असं झालं तर ठाण्याहून किंवा अलिबागहून आलेला एखादा ज्यू पाहुणा पहिल्या रांगेत हसेल. सामान सांभाळणाऱ्या पोराला थाळी लावतानाच खजूर उजवीकडे आणि केळं डावीकडे ठेवायला सांगा. पोहे रोज ताजे भिजवा, कारण प्रयोग संपला की सगळी मंडळी त्याच थाळीवर तुटून पडणार.